एकेचाळीसपैकी नऊ

औसा रोडच्या सिग्नलला रिक्षा थांबली आणि सुकन्याला आधी स्वतःचे पाय दिसले. नऊ वर्षांचे, धुळीनं पांढरे पडलेले, एका पायात चप्पल आणि एक अनवाणी. पण माणसाएवढे मोठे, दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर लोंबणारे. पायांवरून नजर वर गेली. दगडांचा ढीग, त्यात तिरकी घुसलेली तुळई, ढिगावर बसलेली पोर. त्या पोरीच्या शेजारी आताची ती, पांढऱ्या फळ्यापाशी, हातात मार्कर धरलेली. फ्लेक्सवर दोघींच्या मध्ये पिवळी अक्षरं होती, ‘सगळं गेलं, तरी तारे जन्मतात.’ खाली बारीक अक्षरांत, किल्लारीच्या ढिगाऱ्यातून दीर्घिकांपर्यंत, प्रा. सुकन्या मॅडम, भौतिकशास्त्र, शिखरवेध अकॅडमी, आणि रविवारच्या पालक मेळाव्याची वेळ. रिक्षावाल्यानं वर बघितलं, आरशातून मागं बघितलं आणि आवाज उतरवून विचारलं, “मॅडम, तुम्हीच का त्या?” ती म्हणाली, “नाही.” हे उत्तर इतक्या सहज तोंडून गेलं की ते खरं होतं की खोटं हे ठरवायला तिला ट्यूशन एरियापर्यंतचा सगळा रस्ता लागला, आणि तरी ते ठरलं नाही.

ढिगाऱ्यातून, असं लिहिलं होतं. ती ढिगाऱ्यात नव्हतीच. ती निलंग्याला मावशीकडे होती, चौथीत, आणि गणपती बुडवायला गावी नेलं नाही म्हणून अव्वावर, आईवर, रुसलेली. त्या पहाटे मावशीच्या फळीवरचे डबे खाली आले, भिंतीला केसाएवढी भेग गेली आणि सगळे अंगणात येऊन उभे राहिले. भूकंप तिच्या वाट्याला आला तो एवढाच. तिसऱ्या दिवशी काकांनी तिला टेम्पोतून गावी नेलं. तेरणेच्या काठचं ते गाव तिला दिसलंच नाही, कारण गाव असतं तिथं आकाश खूप होतं. चुन्याचा आणि जळक्या लाकडाचा वास होता, जवानांच्या शिट्ट्या होत्या. अप्पा लिंबाखाली बसले होते. पीक राखायला शेतात झोपले म्हणून ते वाचले होते. अव्वाला आणि धाकट्या भावाला, म्हांतूला, त्यांनी आदल्या दिवशीच बांधाजवळ मातीआड केलं होतं, म्हणजे तिला बघायला काहीच शिल्लक नव्हतं. त्यांनी तिला विचारलं, “जेवलीस का?” तेवढंच. मग कुणीतरी तिच्या हातात बिस्किटांचा पुडा दिला, आणि गळ्यात कॅमेरा अडकवलेला एक माणूस फार गोड आवाजात म्हणाला, “बाळ, जरा इथं बसतेस? तो पुडा माझ्याकडे दे. हं. इकडे बघ. हसू नकोस.” तिच्या मनात हसायचं नव्हतंच, पण हसू नकोस म्हटल्यावर हसू यायला लागलं, आणि ते दाबायला तिनं ओठ घट्ट मिटले. त्या मिटलेल्या ओठांना पुढं कितीतरी वर्तमानपत्रांनी दुःखानं गोठलेला चेहरा म्हटलं. आणि एक चप्पल पायात नव्हती याचं कारण कुणालाच ठाऊक नव्हतं. बसता बसता तिच्या हाताला एक कोनाडा लागला होता, हिरव्या रंगाचा, आणि हा ढीग शेजारच्या सुमनकाकूंच्या घराचा आहे हे तिला कळलं होतं. सुमनकाकूंच्या घरात चप्पल घालून गेलेलं चालत नसे. तिनं एक काढली. दुसरी काढायच्या आत तो म्हणाला, “राहू दे, राहू दे, असंच.”

वैजनाथ सर केबिनमध्ये होते. हदगावहून एक ट्रंक घेऊन लातुरात आलेला हा माणूस, पत्र्याच्या शेडमध्ये गणित शिकवून आज सहाशे पोरांचा क्लास चालवत होता, आणि कॉलेजं तिला तासिकेवर नाचवत होती तेव्हा यानं एका भेटीत कामावर घेतलं होतं. पीएचडीसाठी दर शनिवारी नांदेडला जायची मोकळीकही त्यानंच दिली होती. त्यामुळं तिला वाईट वाटत होतं आणि त्यामुळंच तिचा राग आणखी कडक झाला होता. उपकाराच्या माणसावर रागावताना आवाज खाली ठेवावा लागतो.

“सर, तो फ्लेक्स काढा.”

“का, मॅडम? अहो, कालपासून फोन थांबेनात. पालक विचारायलेत, त्याच मॅडम शिकवतात का.”

“मी ढिगाऱ्यात नव्हते.”

“तसं शब्दाला शब्द कोण धरतं? भूकंपातली पोर तुम्ही. आई गेली, भाऊ गेला. हे खरं का नाही?”

“खरं आहे.”

“मग. आणि वाक्य तर तुमच्याच प्रबंधातलं आहे.”

“माझ्या प्रबंधात असलं वाक्य नाही.”

त्यांनी खणातून तिनंच कौतुकानं वाचायला दिलेला सारांश काढला. हायलाइटरनं एक ओळ रंगवली होती. “‘वायू गमावणाऱ्या दीर्घिकांच्या शेपटीत ताऱ्यांची निर्मिती.’ मला सायन्स कळत नाही, पण हे वाचून माझ्या अंगावर काटा आला, मॅडम. खोटं नाही सांगत.” आणि ते खोटं सांगत नव्हते. मग खुर्ची पुढं ओढून म्हणाले, “आपल्याकडं सहाशे पोरं आहेत. त्यातली किती मेडिकलला लागतात ते तुम्हाला ठाऊक आहे. बाकीच्यांना रोज पहाटे उठायला काहीतरी लागतं का नाही?”

“आणि त्या बाकीच्यांचं होतं काय?”

“ते पुढच्या वर्षी पुन्हा बसतात.” हे त्यांनी गंमत म्हणून सांगितलं नव्हतं. “रविवारी तुम्ही बोला. सोमवारी फ्लेक्स उतरवतो. निलंगा, उदगीर, नांदेड, सगळीकडचे.”

“बोलते,” सुकन्या म्हणाली. तिचा होकार त्यांना एवढ्या लवकर अपेक्षित नव्हता.

त्या दिवशी बारावीच्या दोन बॅचेस तिनं घेतल्या, आणि पुढच्या बाकावरच्या मुली आपल्या पायांकडे बघतायत असं तिला दोन्ही तास वाटत राहिलं. फळ्यावर ती संवेग शिकवत होती आणि मन नांदेडला विष्णुपुरीच्या विद्यापीठातल्या त्या खोलीत जात होतं, जिथं सहा वर्षं तिचा शनिवार हा तिच्या एकटीचा दिवस होता. तिथं तिला कुणी भूकंपग्रस्त म्हणत नव्हतं. हा शब्द तिला दाखल्यावर मिळाला होता, वसतिगृहात तो आडनावासारखा चिकटला होता, आणि बक्षीस समारंभात तर तो उच्चारून झाल्याशिवाय कुणी तिला पुष्पगुच्छ देत नसे. तिच्या गाइड विनीता मॅडमनी पहिल्या दिवशी विचारलं होतं ते एवढंच, “पायथॉन येतं का?” मग त्यांनी तिला अभ्यासाला एक दीर्घिका दिली, आपल्या आकाशगंगेसारखा अब्जावधी ताऱ्यांचा एक मेळा. परदेशातल्या मोठ्या दुर्बिणीनं टिपलेली, कुणालाही वापरायला खुली असलेली, नाव नसलेली, नुसता आकडा असलेली. दीर्घिकांचेही समूह असतात. हजारभर दीर्घिका एकमेकींच्या ओढीनं एकत्र आलेल्या. त्यांच्या मधली जागा रिकामी दिसते, पण रिकामी नसते. तिथं कोट्यवधी अंश तापलेला विरळ वायू भरलेला असतो. बाहेरची एखादी दीर्घिका ओढली जाते, सेकंदाला हजार किलोमीटरच्या वेगानं त्यात शिरते, आणि तिला वारा लागतो. पडलेल्या हवेतही मोटारसायकलवर वारा लागतो तसा. तो वारा ताऱ्यांना काही करत नाही. तारे जागचे हलत नाहीत. जातो तो थंड वायू, ज्यातून पुढचे तारे व्हायचे असतात तो. पुढच्या कडेला वायू दाबला जातो आणि काही काळ तिथं नेहमीपेक्षा जोरानं तारे जन्मतात, निळे, भडक. मग साठा संपतो. नवे होत नाहीत, जुने तांबूस होत जातात. मागं वायूची लांब शेपूट पसरते, आणि त्या शेपटीत, दीर्घिकेच्या बाहेर, उघड्यावर, कुठं कुठं तारे होतात.

तिला एकेचाळीस ठिपके सापडले होते. एकेचाळीस ठिकाणी, उघड्यावर, तारे. तो आकडा घेऊन ती नांदेड-लातूर गाडीत बसली होती तेव्हा खिडकीतून लोह्याच्या पुढची काळी रानं जात होती आणि तिच्या छातीत काहीतरी फुगत होतं, ज्याला तिनं तेव्हा विज्ञानाचा आनंद असं नाव दिलं. नंतरचं वर्ष ते ठिपके तपासण्यात गेलं. प्रत्येकाचा प्रकाश फोडून वेग काढायचा; दीर्घिकेच्या वेगाशी जुळला तर ठिपका शेपटीतला, नाहीतर कुठली तरी फार मागची दुसरीच दीर्घिका, योगायोगानं त्याच रेषेत आलेली. एकेचाळिसाचे तीस झाले, तिसाचे अठरा. अठरावर ती अडली. मोजमापातली चूक थोडी सैल धरली असती तर अठरा राहिले असते. ती सैल धरावी असं तिला मनापासून वाटलं, आणि हे वाटणं कुठून येतंय ते बघायला गेल्यावर ती दचकली. तिला ते तारे स्वतःसाठी हवे होते. हातातला पुडा काढून घेऊन, इथं बस, हसू नकोस, असं ती त्या आंधळ्या ठिपक्यांना सांगत होती. तिनं पुन्हा मोजलं. नऊ उरले. विनीता मॅडमच्या खोलीत तिला रडू आलं, आणि तेही स्वतःच्या या वेड्या हट्टाच्या शरमेनं. मॅडमनी रडू ओसरू दिलं आणि मग विचारलं, “नऊ खरे आहेत ना?”

“आहेत.”

“मग नऊ लिही. आणि बत्तीस का नाहीत तेही लिही. तेच तुझं काम आहे.”

शुक्रवारी दुपारी अप्पांचा फोन आला. ते निलंग्याच्या स्टँडसमोर होते. मागं कंडक्टर उदगीरच्या नावानं ओरडत होता. “सुकन्ये, तुझा फोटू लागलाय हितं.”

“ठाऊक आहे, अप्पा.”

“ते घर आपलं न्हाई. सुमनचं हाय.”

“ते पण ठाऊक आहे.”

सुमनकाकूंना अकरा तासांनी बाहेर काढलं होतं. नवरा आणि दोन पोरं त्याच तुळईखाली राहिली. अप्पांनीच, उघड्या हातांनी, आधी त्यांचे दगड बाजूला केले होते, कारण तिथून आवाज येत होता आणि आपल्या घरातून येत नव्हता. हे अप्पा कधी बोलले नव्हते; तिला मावशीकडून कळलं होतं. “तुला ठाऊक हाय, हे मला ठाऊक न्हवतं,” ते म्हणाले. “इतकी वर्सं तू बोलली न्हाईस.”

“तुम्ही तरी कुठं बोललात?”

“हाव,” अप्पा म्हणाले. “ते बी खरंच हाय.” आणि त्यांनी फोन ठेवला.

रविवारी हॉल भरला होता. मागं उभे राहिलेले बाप, मांडीवर पिशव्या घेऊन बसलेल्या आया, आणि त्यांच्यामध्ये ते मुलगे, त्या मुली, ज्यांच्या डोळ्यांखाली एकसारखी काळी वर्तुळं असतात. व्यासपीठामागं तोच फ्लेक्स होता, त्यामुळं बोलायला उभं राहिल्यावर तिच्या पाठीशी ते मोठे पाय आले. वैजनाथ सरांनी तिची ओळख करून दिली तेव्हा त्यांचा आवाज भरून आला होता. भूकंप हा शब्द आला, आई हा शब्द आला, पुढच्या रांगेतल्या एका बाईनं पदर डोळ्यांना लावला. सुकन्याला ती बाई आवडली आणि तिचं रडू मात्र परत करावंसं वाटलं. तिनं माइक जरा खाली ओढला.

“हा फोटो माझा आहे,” ती म्हणाली. “पण हे घर माझं नाही. ते आमच्या शेजारच्या एका बाईंचं आहे. त्या ढिगाऱ्यात होत्या. मी नव्हते. मला नंतर तिथं नेऊन बसवलं होतं.” हॉलमध्ये कुजबुज झाली नाही, लोकांना वाटलं, ही पुढच्या कशाची तरी प्रस्तावना आहे. तिनं पडद्यावर दीर्घिका आणली. एक काळोख, त्यात वाकडी निळसर तबकडी आणि मागं विस्कटलेली शेपूट. वारा कसा लागतो ते तिनं सांगितलं, वर्गात सांगते तसंच. मुलांनी सवयीनं वह्या उघडल्या. “या शेपटीत मला एकेचाळीस ठिपके दिसले. खरे तारे नऊ ठिकाणीच निघाले. बाकीचा वायू तापला, पातळ झाला, सगळीकडं मिसळून गेला. त्याचं काही झालं नाही. नऊ ठिकाणी झालं, ते दीर्घिकेनं जिद्द धरली म्हणून झालं नाही. तिथला वायू पुरेसा दाट होता आणि त्याला निवायला वेळ मिळाला, म्हणून झालं. जिथं झालं नाही तिथल्या वायूत काही खोट नव्हती.” आता ती नुसत्या मुलांकडे बघत होती. “फ्लेक्सवर लिहिलंय, सगळं गेलं तरी तारे जन्मतात. हे वाक्य माझं नाही. माझ्या कामातून ते निघत नाही. घर पडतं तेव्हा माणसं मरतात. जी उरतात त्यांनी चमकून दाखवायचं असं काही बंधन त्यांच्यावर नाही. तुमच्यावरही नाही. परीक्षा अवघड आहे, जागा थोड्या आहेत, एवढंच खरं आहे. कुणाला शंका असेल तर वायूबद्दल विचारा, मी सांगेन. माझ्याबद्दल विचारू नका.”

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एक बाप उठून म्हणाला, “मॅडम, कट-ऑफ यंदा किती जाईल?” आणि ती म्हणाली, “मला माहीत नाही.” मग मधल्या रांगेतली उर्वी नावाची मुलगी, जिला वर्गात सुकन्यानं कधी बोलताना ऐकलं नव्हतं, तिथूनच बसल्या बसल्या म्हणाली, “मॅडम, तो गेलेला वायू समूहातच राहतो ना? मग त्याचं वजन मोजता येतं का?” सुकन्यानं तिला अंदाज कसा काढतात ते सांगितलं. सात-आठ मिनिटं लागली. ती सात-आठ मिनिटं हॉलमध्ये फक्त त्या दोघीच होत्या, आणि बाकीचे खुर्च्या सरकवत होते.

वैजनाथ सर केबिनमध्ये दिवा न लावता बसले होते. “मॅडम, मी तुमची थट्टा केली होती का?” त्यांनी विचारलं.

“नाही, सर.”

“मग तुम्ही माझी का केली?”

याला तिच्याकडे उत्तर होतं, पण ते त्यांच्या उपयोगाचं नव्हतं. “मी खरं ते सांगितलं,” ती म्हणाली, आणि शब्द फार छोटे निघाले. त्यांनी मान हलवली. उद्यापासून बॅचेस दुसरे सर घेतील, असं त्यांनी टेबलाकडे बघत सांगितलं. ती उठली. जिना उतरताना तिला भीती वाटायला हवी होती. पीएचडीची तोंडी परीक्षा दोन महिन्यांवर होती, पुढं काय ते ठरलेलं नव्हतं. भीती होतीच. पण तिच्या खाली, कितीतरी वर्षांनी, पाय टेकतील अशी जमीन लागत होती.

फ्लेक्स सोमवारी उतरले, सगळीकडचे, शब्द दिला होता तसे. मंगळवारी ती गावी गेली, सुमनकाकूंची माफी मागायला. नव्या गावात सगळी घरं एकमेकांपासून लांब, एकसारखी, स्लॅबची. आणि अजूनही म्हातारी माणसं स्लॅबखाली झोपत नाहीत म्हणून प्रत्येक दारापुढं पत्र्याचा मांडव. सुमनकाकूंच्या मांडवात जमिनीवर निलंग्याचा, औसा रोडवरच्याहून कितीतरी लहान, फ्लेक्स अंथरलेला होता, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवून. त्यांनी स्टँडसमोर उतरवणाऱ्या माणसांकडून तो मागून घेतला होता आणि टेम्पोत टाकून आणला होता. अप्पा खांबाला टेकून बसले होते. काकूंच्या हातात मोठी कात्री होती.

“आलीस का? धर हे टोक,” काकू म्हणाल्या.

“काकू, माझं चुकलं. हा फोटो—”

“सभेत काय म्हणलीस माझ्याबद्दल? मोबाईलवर आलंय सगळं. ‘शेजारची एक बाई.’ एक बाई म्हंजे कोण? मला नाव न्हाई का?”

“तुम्हाला विचारलं नव्हतं, म्हणून नाव घेतलं नाही.”

“घ्यायचं होतंस. मी काय चोरी केली?” त्या फ्लेक्सवर गुडघे टेकून पुढं सरकल्या आणि पिवळ्या अक्षरांवर बोट ठेवलं. “हे पैलं काप. सगळं गेलं म्हणं. सगळं कुठं गेलं? मी हाय की.”

सुकन्यानं अक्षरं कापली. मग स्वतःचा आताचा चेहरा, फळा, मार्कर, मेळाव्याची वेळ. पट्ट्या बाजूला पडत गेल्या तशा अप्पा त्या गुंडाळून ठेवत गेले. “काकू, हे तुम्हाला कशाला हवंय?” तिनं न राहवून विचारलं.

“घराचा फोटू न्हाई माझ्याकडं. एक बी न्हाई. लग्नातला होता तो आतच गेला. पेपरातला काळा-पांढरा, त्यात काय कळतंय? ह्यात रंग हाय. हे बघ, कोनाडा. पोळ्याला मीच दिला होता रंग.” हिरवा, तळहाताएवढा, दगडांच्या मध्ये. त्या फ्लेक्सच्या खूप जवळ डोळे नेऊन बघत होत्या. इतक्या जवळून त्यांना नुसते ठिपकेच दिसत असणार.

आता ढीग उरला होता आणि त्यावरची पोर. सुकन्यानं कात्री तिच्या पायांपाशी नेली. “हिलाही काढते.”

“नको,” काकू म्हणाल्या. “हिला काढायला गेलीस तर मधले दगडं जातेत. बसू दे.”

तिघांनी मिळून तो तुकडा आत नेला आणि दारासमोरच्या भिंतीला लावला. अप्पांनी दगडानं खिळे ठोकले. एक बाजू खाली आली होती. ती कुणी नीट केली नाही. काकू भिंतीपुढं उभ्या राहिल्या, पदरानं हात पुसले, आणि कोनाड्याच्या खाली, जिथं फोटोत दगडांवाचून काही नव्हतं, तिथं बोट ठेवून म्हणाल्या, “हितून आत गेलं की उजव्या हाताला चूल.”

“आणि माळवदावर जायचा जिना?” सुकन्यानं विचारलं.

“त्यो मागनं,” काकू म्हणाल्या, आणि त्यांचं बोट दगडांतून वाट काढत मागं निघालं.